कंबर आपली, ताल आपला : बेली डान्स बायकांना का आवडतो आणि घरी कसा सुरू करावा

मोबाइलवर किंवा टीव्हीवर बेली डान्स दिसला की घरात बहुतेक वेळा दोनच गोष्टी घडतात. मुले खिदळतात आणि मोठ्यांपैकी कोणीतरी रिमोट हातात घेते. ‘असला नाच चांगल्या घरच्या बायका करतात का?’ असे कोणी मोठ्याने विचारते, कोणी मनातल्या मनात. याचे उत्तर ‘हो, करतात’ असे आहे. ज्या देशात हा नाच रुजला त्या इजिप्तमध्ये आजी, आई, मावशी, नात अशा सगळ्या जणी तो घरात करतात. लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री करतात, वाढदिवसाला करतात. अंगावर नेहमीचे पूर्ण कपडे असतात, कमरेला एक ओढणी घट्ट बांधलेली असते आणि मेंदीच्या रात्री पाहायलाही बायकाच असतात.

आरोग्याच्या पानावर या नाचाविषयी लिहिण्याचे कारण साधे आहे. कंबर, पाठ आणि ओटीपोट या आपल्या भगिनींच्या दुखण्याच्या नेहमीच्या जागा. हा नाच नेमक्या याच जागा हलवतो. त्याला मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत, फी लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तो होतो. आणि मुख्य म्हणजे बायकांना तो आवडतो. जो व्यायाम आवडतो तोच टिकतो. नावडता व्यायाम चार दिवसांत सुटतो. म्हणून हा नाच मुळात काय आहे, बायकांना तो का आवडतो आणि ज्यांनी कधीच केला नाही त्यांनी सुरुवात कशी करावी, हे आम्ही येथे सांगत आहोत.

नाव बाहेरच्यांनी दिले

‘बेली’ हा इंग्रजी शब्द. त्याचा अर्थ पोट. हे नाव इजिप्तच्या लोकांनी दिलेले नाही. आधी फ्रेंच लोकांनी ‘पोटाचा नाच’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे १८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे ‘कैरोमधला रस्ता’ उभा केला होता आणि त्यात हा नाच लोकांना दाखवला जात होता. त्यानंतर अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला आणि इंग्रजी नाव पसरले. पाहणाऱ्यांची नजर पोटावर गेली, म्हणून नावही पोटावरून पडले.

अरबी भाषेत या नाचाला ‘रक्स शर्की’ म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. त्याचे घरगुती, गल्लीतले रूप आहे त्याला ‘रक्स बलदी’ म्हणतात. ‘बलद’ म्हणजे गाव किंवा देश आणि ‘बलदी’ म्हणजे आपल्या मातीतले. या नाचाचा जीव पोटात नसून खुब्यांत आहे. खुबे, बरगड्या, खांदे, हात हे एकेक भाग वेगवेगळे हलवायचे आणि बाकीचे अंग शांत ठेवायचे, ही त्याची खूण. उड्या मारणे, गिरक्या घेत खोलीभर धावणे हे त्याचे मुख्य अंग नाही.

शिक्षा नाचणारीला झाली

इजिप्तमध्ये पोटासाठी रस्त्यावर, समारंभात नाचणाऱ्या स्त्रियांना ‘गवाझी’ म्हणत. लोक त्यांना लग्नाला बोलावत, पैसे उधळत आणि नंतर त्यांनाच हलके मानत. १८३४ मध्ये तेव्हाचा राज्यकर्ता मोहम्मद अली पाशा याने कैरो शहरात या स्त्रियांच्या जाहीर नाचावर बंदी घातली आणि त्यांना दक्षिणेकडच्या दूरच्या गावांत पाठवून दिले. नाच पाहायला बोलावणाऱ्यांना कोणी शहराबाहेर काढले नाही.

पुढे १९२६ मध्ये बदिया मसाबनी या स्त्रीने कैरोमध्ये स्वतःचे रंगमंदिर उघडले. तेथून तहिया कारिओका आणि सामिया गमाल या नर्तिका पुढे आल्या आणि इजिप्तच्या सिनेमात गाजल्या. तहिया कारिओका राजकारणातही मते मांडत असे आणि त्यापायी तिने तुरुंगही पाहिला. एडवर्ड सईद या मोठ्या विचारवंताने १९९० मध्ये तिच्यावर आदराने लेख लिहिला. आज आपण पाहतो तो चमकीचा दोन तुकड्यांचा पोशाख याच रंगमंचांच्या आणि सिनेमाच्या काळात रूढ झाला. घरातल्या बलदी नाचाला त्या पोशाखाची गरज नव्हती आणि आजही नाही.

आपल्याकडे हा नाच आला तो हिंदी सिनेमातून. १९७५ च्या ‘शोले’मध्ये ‘मेहबूबा मेहबूबा’ गाण्यावर हेलन नाचते ती दरोडेखोरांच्या अड्ड्यावर, गब्बरसमोर. असे प्रसंग पाहून आपल्या मनात एक समीकरण बसले की हा नाच म्हणजे पुरुषांसमोर, त्यांच्या करमणुकीसाठी. घरात, आपल्या माणसांत केलेला नाच सिनेमाने आपल्याला क्वचितच दाखवला.

आजीचा राग समजून घ्या

आपल्या घरांत नाचाविषयी जो राग आहे त्याला आणखी खोल कारण आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांतल्या कितीतरी स्त्रियांना पोटासाठी फडावर नाचावे लागले, कितीतरी मुलींना मुरळी म्हणून सोडले गेले. त्यांच्या कलेवर गाव जगले, पण मान मात्र त्यांना मिळाला नाही. त्यामुळे नात कमरेला ओढणी बांधून नाचायला लागली आणि आजी रागावली, तर तो राग उगाच आलेला नाही. नातीने तो ऐकून घ्यावा.

मात्र आजीलाही एक गोष्ट सांगावी. नाचात वाईट काही नव्हते. वाईट होती ती सक्ती, आणि नाचणारीच्या शरीरावर दुसऱ्यांनी सांगितलेला हक्क. दार लावून, आपल्या वेळेला, आपल्या मैत्रिणींबरोबर, आपल्या पाठीच्या दुखण्यासाठी आणि मनाच्या आनंदासाठी नाचणे ही वेगळी गोष्ट आहे. येथे बोलावणारा कोणी नाही, पैसे फेकणारा कोणी नाही, आणि थांबायचे केव्हा हे नाचणारीच ठरवते. ज्या घरांत पौर्णिमेला किंवा उपोसथाला अष्टशील पाळतात तेथे त्या दिवशी नाच-गाणे वर्ज्य असते. त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

बायकांना तो का आवडतो

पहिले कारण, कोणतेही अंग चालते. बारीक, जाड, उंच, बुटकी, बाळंतपणानंतर पोट सुटलेली, साठी ओलांडलेली, सगळ्यांना हा नाच जमतो. गोल हालचाल भरलेल्या अंगावर उलट अधिक छान दिसते. ‘आधी बारीक हो, मग नाच’ असे हा नाच म्हणत नाही.

दुसरे कारण, यात पाठ करायचे फार नसते. घरगुती बलदी नाचात ठरलेल्या पायऱ्यांची लांबलचक यादी नसते. पाच-सहा हालचाली आल्या की ताल ऐकत त्या हव्या तशा जोडायच्या. चुकले असे म्हणायला कोणी नसते.

तिसरे कारण मनाचे आहे. दिवसभर आपले शरीर दुसऱ्यांसाठी राबते. हात भांड्यांसाठी, पाय पाण्याच्या रांगेसाठी, कंबर लेकरासाठी. नाचताना पहिल्यांदाच लक्ष आपल्या अंगाकडे जाते. डावा खुबा उजव्यापेक्षा जड आहे, श्वास अडकतोय, खांदे कानापर्यंत चढले आहेत, हे कळू लागते. ‘मी कशी दिसते’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मला कसे वाटते’ हा प्रश्न पुढे येतो. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बेली डान्स करणाऱ्या स्त्रिया आणि न करणाऱ्या स्त्रिया यांची तुलना केली होती. नाचणाऱ्या स्त्रियांचे आपल्या शरीराविषयीचे मत अधिक चांगले आढळले. स्वतःच्या अंगाला इतरांच्या नजरेतून जोखत राहण्याची सवयही त्यांच्यात कमी आढळली. नाचामुळेच असे झाले की मुळातच शरीराविषयी बरे मत असणाऱ्या बायका नाचाकडे वळल्या, हे अशा तुलनेतून ठरत नाही. तरी ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आरशासमोर उभे राहायला संकोचणाऱ्या वयात आलेल्या मुलींनाही असा आनंद मिळायला हवा.

चौथे कारण सोबतीचे. एकटीने चालायला जायला वेळ मिळत नाही आणि संध्याकाळी काही गल्ल्या सुरक्षित वाटत नाहीत. चार जणी एका खोलीत जमल्या की हसणे होते, बोलणे होते, आणि व्यायाम कधी झाला ते कळतही नाही.

‘घरकाम हाच आमचा व्यायाम’

असे अनेक जणी म्हणतात, आणि ते निम्मे खरे आहे. घरकाम ही शरीराची हालचालच आहे. पण ते काम अंगाला एकाच दिशेने वाकवते. फरशी पुसताना पुढे, धुणे धुताना पुढे, शिलाई मशीनवर पुढे, चुलीशी किंवा ओट्याशी पुढे. हंडा आणि लेकरू बहुतेक वेळा एकाच कडेवर. त्यामुळे काही स्नायू सतत ताणलेले राहतात आणि काही झोपून जातात.

या नाचात खुबे पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि गोल फिरतात. कण्याच्या खालच्या भागाला, खुब्याच्या सांध्याला आणि बरगड्यांना सगळ्या बाजूंनी फिरायला मिळते. पोटाचे व कमरेभोवतीचे स्नायू अंग सावरून धरायला शिकतात. गुडघे सतत किंचित वाकलेले असल्याने मांड्यांना काम मिळते. पाय आपटायचे नसल्याने सांध्यांना धक्का कमी बसतो. सलग नाचले की श्वास वाढतो, घाम येतो, म्हणजे हृदयालाही व्यायाम होतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागणारा. रोज ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस नाचले तरी १५० मिनिटे भरतात. जुनाट कंबरदुखीसाठीही याच संघटनेने २०२३ मध्ये ज्या उपायांची शिफारस केली त्यात शिस्तीने केलेला व्यायाम आहे. दुखते म्हणून महिनोन्‌महिने पडून राहणे हा उपाय नव्हे.

जे होत नाही तेही सांगतो

पोट हलवल्याने फक्त पोटावरची चरबी वितळत नाही. कोणत्याही व्यायामाने एकाच जागेची चरबी निवडून कमी करता येत नाही. खाणे आणि एकूण हालचाल यांच्या मेळाने सगळ्या अंगाची चरबी हळूहळू कमी होते. पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाच्या गाठी, थायरॉइड, साखर हे आजार या नाचाने ‘बरे’ होत नाहीत. असे सांगून पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. चालू असलेली औषधे नाच सुरू केला म्हणून बंद करू नका.

आधी कोणी डॉक्टरांना विचारावे

गरोदर भगिनींनी, नुकत्याच बाळंत झालेल्यांनी आणि पोटावर शस्त्रक्रिया झालेल्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. सिझेरियन झाले असेल तर अधिक थांबावे लागू शकते. अंग बाहेर येत असेल, खोकताना लघवी सुटत असेल, हर्निया असेल, पाठीतून पायात चमक किंवा मुंग्या येत असतील, हृदयाचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी तपासणी. गुडघे झिजलेले असतील त्यांनी खुर्चीवर बसून बरगड्या, खांदे आणि हातांच्या हालचाली कराव्यात.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. थोडे नाचताच धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत धडधडणे याला ‘सवय नाही’ म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. आशाताईंना विचारले तर तपासणी कोठे होते ते त्या सांगतील. पाळी चालू असताना बरे वाटत असेल तर नाचायला हरकत नाही; नको वाटले तर विश्रांती घ्यावी.

सुरुवात : जागा आणि उभे राहणे

दोन्ही हात पसरून गोल फिरता येईल एवढी जागा पुरे. फरशी कोरडी असावी. सरकणाऱ्या चटईवर नाचू नका, पाय घसरतो. अनवाणी नाचा. सलवार-कमीज, गाऊन किंवा टी-शर्ट आणि पायजमा चालेल. साडी असेल तर पदर खोचून निऱ्या थोड्या वर घ्या. कमरेवर नाही, त्याखाली खुब्यांवर एक ओढणी बांधा. तिची गाठ हलली की आपण नेमके काय हलवतोय ते कळते. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या.

आता उभ्या राहा. दोन्ही पायांत खुब्यांइतके अंतर. गुडघे किंचित वाकलेले; ताठ आवळलेले गुडघे या नाचाचे शत्रू आहेत. माकडहाड जमिनीकडे सोडा, म्हणजे कमरेतला खळगा फार आत जाणार नाही. छाती थोडी वर, खांदे खाली, मान सरळ. पोट किंचित आत धरा, पण श्वास रोखू नका. हे उभे राहणे पक्के झाले तर निम्मा नाच आला.

पाच मिनिटे अंग गरम करा. जागेवर चाला, खांदे मागे गोल फिरवा, मान हळू डावी-उजवीकडे वळवा, घोटे फिरवा.

सहा हालचाली

एक, खुबे सरकवणे. छाती आहे तेथेच ठेवून खुबे सरळ डावीकडे, मग उजवीकडे सरकवा. वर-खाली नाही, फक्त आडवे. आठ-आठ वेळा.

दोन, खुबा उचलणे आणि सोडणे. उजव्या पायाचा चवडा थोडा पुढे टेकवा, टाच उचललेली, वजन डाव्या पायावर. उजवा खुबा वर उचला आणि खाली सोडा. सोडताना आपटल्यासारखा झटका नको, पिकलेले फळ पडावे तसा तो सुटला पाहिजे. आठ वेळा, मग दुसरी बाजू.

तीन, गोल. पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे असा खुब्यांनी मोठा गोल काढा. जात्याचा खुंटा फिरतो तसा सलग. मग उलट दिशेने.

चार, आडवा आठ. जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा आडवा काढला आहे असे समजा, म्हणजे शेजारी शेजारी दोन गोल. उजवा खुबा पुढून मागे फिरवा, मग डावा पुढून मागे. सुरुवातीला अडखळेल. हळू करा, दहा-बारा दिवसांत सलग होईल.

पाच, बरगड्या सरकवणे. आता खुबे शांत. दोन्ही हात खांद्यांच्या उंचीला पसरा आणि छातीचा पिंजरा डावीकडे, मग उजवीकडे सरकवा. भांडी घासून किंवा मशीनवर बसून आखडलेल्या पाठीला याने फार बरे वाटते.

सहा, थरथर. इंग्रजीत याला ‘शिमी’ म्हणतात. गुडघे आळीपाळीने किंचित वाकवा आणि किंचित सरळ करा. एक पुढे तर दुसरा मागे. आधी सावकाश, मग जरा भरभर. खुबे आपोआप थरथरू लागतात. खुबे जोर लावून हलवायचे नाहीत, काम गुडघ्यांचे आहे. पहिल्या दिवशी १० सेकंद पुरे.

शेवटी तीन-चार मिनिटे हळू ताण द्या. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, बसून पाठ सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या. थोडे पाणी प्या. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखले तर काळजी नाही. पण नाचताना सांध्यात किंवा पाठीत टोचल्यासारखे, चमकल्यासारखे दुखले तर त्याच क्षणी थांबा.

सहा आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे : दिवसाला १० मिनिटे, आठवड्यातून ३ दिवस. फक्त उभे राहणे, पहिली आणि दुसरी हालचाल.

तिसरा व चौथा आठवडा : १५ ते २० मिनिटे, आठवड्यातून ४ दिवस. गोल, आडवा आठ आणि बरगड्या मिळवा.

पाचवा व सहावा आठवडा : २५ ते ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस. थरथर मिळवा. शेवटची दोन गाणी कोणतीही हालचाल न ठरवता, मनाला येईल तसे नाचा. हाच खरा बलदी नाच.

ताल कानाने शिका

या नाचाचे मुख्य वाद्य म्हणजे एका तोंडाचा, पेल्याच्या आकाराचा ढोल. इजिप्तमध्ये त्याला ‘तबला’ म्हणतात, पण आपल्या तबल्याच्या जोडीहून तो वेगळा. त्याचे दोन मुख्य बोल आहेत. ‘डुम’ म्हणजे घुमणारा, ‘टक’ म्हणजे टणक. ढोलकीची सवय असलेल्या कानांना हा फरक सांगावा लागत नाही. एका चालू तालाचा बोल असा : डुम टक, टक डुम, टक. बलदी तालात पहिल्याच जागी दोन डुम येतात : डुम डुम, टक डुम, टक. डुमला खुबा खाली सोडा, टकला वर उचला. स्वयंपाक करताना हा बोल ओठांनी म्हणा, दोन दिवसांत अंगात उतरतो. अरबी संगीत नसेल तर सावकाश तालाचे कोणतेही आवडते गाणे लावा.

मोबाइलवरून शिकायचे असेल तर यूट्यूबला तोंडाने ‘बेली डान्स फॉर बिगिनर्स’ असे सांगा. चांगली शिक्षिका आधी अंग गरम करून घेते, उभे राहणे समजावते, एक हालचाल सावकाश अनेकदा दाखवते आणि गुडघे वाकवायची आठवण देते. जी पहिल्याच मिनिटाला भरभर नाचून दाखवते तिच्याकडून नवशिकीला काही मिळत नाही. एकच शिक्षिका निवडा आणि महिनाभर तिच्याच मागे जा.

चार जणी मिळून

बचत गटाची बैठक संपली की अर्धा तास काढता येतो. दुपारी मुले शाळेत असताना कोणाच्या तरी घरी जमता येते. नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. नाचताना कोणीही फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही. मोबाइल गाण्यापुरता, तोही उलटा ठेवायचा. कोणाच्या अंगावर, वयावर, रंगावर शेरा मारायचा नाही. खोलीत जे झाले ते नळावर बोलायचे नाही. आणि जिला बसून पाहायचे आहे तिला बसू द्यायचे. पहिल्या दिवशी पाहणारी तिसऱ्या दिवशी उठतेच.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगणे आहे. या अर्ध्या तासात चहा मागू नका, चेष्टा करू नका. लेकरू सांभाळा. आई-बायकोची पाठ दुखायची थोडी कमी झाली, ती जरा मोकळी हसू लागली, तर त्याचा फायदा सगळ्या घराला आहे.

ज्या भगिनी सहा आठवडे पूर्ण करतील त्यांनी काय जमले, कोठे अडले, पाठीला आणि झोपेला काय फरक पडला ते आम्हाला दोन ओळींत जरूर कळवावे. त्या अडचणींची उत्तरे पुढच्या अंकांत याच पानावर देऊ.